दोन दातांसाठी टाळूभर प्लेट कशाला?

प्रश्न : माझे वय ६१. पायरीवरून पडून वरचे पुढचे दोन दात गेले. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा कीड लागल्यामुळे आधीच काढलेल्या होत्या. दंतवैद्यांनी काढायचे-घालायचे दात करून दिले. वर दात दोनच आहेत, पण त्यांच्यामागे टाळू झाकणारी गुलाबी प्लेट आहे. खालच्या दातांना मात्र अशी प्लेट नाही, नुसती धातूची पट्टी आहे. दोन दातांसाठी एवढा पसारा कशाला? आणि वर तो लागत असेल, तर खाली त्याच्याशिवाय कसे भागते?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : हा प्रश्न दंतवैद्यांना जवळपास रोज ऐकावा लागतो आणि गर्दीच्या वेळी ‘सवय होईल’ एवढ्यावर तो मिटतो. सवय होतेच, पण कारण कळले की लवकर होते.

खरा दात हाडात रुतलेला असतो. बाहेर दिसणाऱ्या भागापेक्षा त्याचे मूळ लांब असते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. पेरूचा तुकडा तोडताना पडणारा जोर हे तंतू झेलतात आणि हाडाकडे पोचवतात. दाताखाली बारीकसा खडा आला तरी तो आपल्याला लगेच जाणवतो, तेही याच तंतूंमुळे.

बसवलेल्या दाताला मूळ नाही. तो हिरडीवर टेकलेला असतो. पुढच्या दाताच्या कडेवर जोर आला की तो उचकटू पाहतो. तुमचे दोन दात हिरडीएवढ्याच गुलाबी तुकड्यावर बसवले असते, तर पहिल्या घासालाच ते सुटले असते. टाळूवरची प्लेट हे थांबवते. चावण्याचा जोर ती मोठ्या जागेवर पसरवते, त्यामुळे कुठेच टोचत नाही. तिची कड उरलेल्या दातांना आतून खेटून बसते, म्हणून ती इकडेतिकडे सरकत नाही. शिवाय प्लेट आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर राहतो आणि दोन्ही एकमेकांना धरून ठेवतो.

उरलेले काम तारांचे. आपल्या दाढा सरळसोट नसतात. मध्ये फुगीर आणि हिरडीकडे किंचित निमुळत्या असतात. तारेचे टोक या फुगवट्याच्या खाली, साधारण अर्धा मिलिमीटर आत शिरते. प्लेट खाली येऊ लागली की तारेला फुगवट्यावरून वाकून यावे लागते. तिचा तो विरोध म्हणजेच दातांची पकड. तुमच्या तारा पुढच्या दातांजवळ न लावता मागच्या दाढांवर लावल्या असतील. पुढे उचकटण्याचा जोर आला की मागची पकड त्याला उलटा जोर देते. तार दिसत नाही, हा वरचा फायदा.

खाली टाळू नाही. तिथे जिभेची जागा आहे, आणि जिभेला अडचण झालेली माणसाला अजिबात चालत नाही. म्हणून खालच्या जबड्यात पुढच्या दातांच्या मागून, हिरडीच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर खाली एक पट्टी नेतात आणि दोन्हीकडच्या दाढा तिला जोडतात. एवढी अरुंद पट्टी प्लॅस्टिकची केली तर मोडेल, म्हणून कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची ओततात.

तुमच्या खालच्या दातांची खरी अडचण वेगळीच आहे. तिथे शेवटच्या खऱ्या दातामागे आधाराला दुसरा दात नाही. नव्या दाढांचे पुढचे टोक खऱ्या दाताला धरलेले आणि मागचे टोक हिरडीवर. फळीचे एक टोक भिंतीवर आणि दुसरे गादीवर ठेवून मधे वजन टाकले तर जे होईल, तेच इथे प्रत्येक घासाला होते. दात दबतो तो मिलिमीटरच्या अंशाइतका, हिरडी त्याच्या कितीतरी पट. मागची बाजू खाली जाते आणि पुढच्या दाताला बांधलेली तार त्याला हलवू पाहते. एडवर्ड केनेडी या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने १९२५ मध्ये अर्धवट दात गेलेल्या जबड्यांचे चार वर्ग पाडले. दोन्हीकडे मागे आधार नसलेला जबडा हा त्याचा पहिला वर्ग. जगभरचे दंतवैद्य आजही याच वर्गांच्या भाषेत बोलतात. तुमचा खालचा जबडा पहिल्या वर्गातला आणि वरचा, समोरच्या मध्यरेषेवर खिंडार पडलेला, चौथ्या वर्गातला.

हे ओढणे कमी करायला खऱ्या दातावर एक लहानसा खळगा कोरतात आणि धातूचे चपटे टोक त्यात टेकवतात. त्याला ‘रेस्ट’ म्हणतात. जोर दाताच्या बाजूवर न येता त्याच्या उभ्या अक्षातून खाली जावा, यासाठी ही खटपट. हे सगळे एवढ्यासाठी सांगितले, की काढते-घालते दात स्वतःच्या बळावर उभे नसतात. उरलेल्या दातांच्या जिवावर ते चालतात. ते चांगले की वाईट, हे ठरवायचे तर दहा वर्षांनी त्या उरलेल्या दातांचे काय झाले ते पाहावे.

प्रश्न : मला तीन पर्याय सांगितले आहेत. साधे, फ्लेक्सिबल आणि धातूचे. फ्लेक्सिबलला तार नसते, म्हणून ते घ्यावेसे वाटते. किमतीत बराच फरक आहे. तो कशाचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : साधे म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे. प्लेट गुलाबी प्लॅस्टिकची, तार स्टीलची, लॅबमध्ये हाताने वाकवलेली. हे सर्वांत स्वस्त आणि लवकर तयार होतात. मोडले तर सांधता येतात. आणखी एखादा दात पडला तर त्याच प्लेटला तो जोडता येतो. पण प्लॅस्टिक टिकायचे तर ते दोन मिलिमीटरच्या आसपास जाड हवे, त्यामुळे तोंड भरल्यासारखे वाटते. शिवाय साध्या प्लेटला बहुधा रेस्ट नसतात. सगळा भार हिरडीवर येतो, प्लेट हळूहळू खाली रुतते आणि दातांच्या कडेची हिरडी चेपते. दात नुकतेच काढले असतील आणि जखम भरून हाडाचा आकार ठरेपर्यंत काम भागवायचे असेल, तर साधे दात उत्तम.

फ्लेक्सिबल दात नायलॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकचे. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्यांची सुरुवात झाली. तारेऐवजी त्याच गुलाबी प्लॅस्टिकची जीभ दाताच्या मुळाशी येऊन बसते, म्हणून हसताना काही चमकत नाही. ते हलके असतात आणि पडले तरी सहसा फुटत नाहीत. समोरचे एक-दोन दात गेले असतील आणि दिसण्याला महत्त्व असेल, तर ते समाधान देतात. पण दाढा गेल्या असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे हा लवचिकपणाच आड येतो. जोर पडला की प्लेट वाकते, भार पुन्हा हिरडीवर जातो. पुढे हिरडी झिजून ते ढिले झाले, तर आतून नवा थर भरणे अवघड. दुरुस्तीलाही फारसा वाव नाही.

धातूचे, म्हणजे लॅबच्या भाषेत ‘कास्ट पार्शल’, सर्वांत महाग. यात सांगाडा ओतीव धातूचा असतो आणि त्यावर प्लॅस्टिकची हिरडी व दात. धातू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीतही पुरेसा कडक राहतो. त्यामुळे अख्खी टाळू झाकण्याऐवजी बऱ्याचदा रुंद पट्टीवर भागते आणि गरम-थंडही नीट कळते. रेस्ट, पट्टी, पकड, सगळे एकाच तुकड्यात आणि मोजून केलेले असते. ओतीव हुकाचे टोक दाताच्या फुगवट्याखाली पाव मिलिमीटरच जाते. त्याहून जास्त गेले तर कडक धातू दाताला ओढू लागतो. पैसे पडतात ते या मोजमापाचे आणि लॅबमधल्या मेहनतीचे. दाढा बसवायच्या असतील, उरलेले दात बरे असतील आणि परवडत असेल, तर हाच पर्याय पहिला पाहावा. खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज सुटत असेल, तर ते आधीच सांगा. काही मिश्रधातूंत निकेल असते.

आणखी दोन पर्यायांचा उल्लेख केला नाही तर उत्तर अपुरे राहील. शेजारचे दात घासून त्यांवर टोप्या चढवून बसवायचा ब्रिज, आणि हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर लावायचा इम्प्लांट. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून मूळ परत मिळाल्यासारखा दात शक्य झाला. पण त्याला पुरेसे हाड लागते, मधुमेह आटोक्यात लागतो, तंबाखू सुटलेली लागते आणि खिसाही तयार लागतो. ब्रिजला दोन्हीकडे भक्कम दात लागतात. बरेच दात गेलेल्या, मागे आधार नसलेल्या किंवा हाड फार झिजलेल्या तोंडात काढते-घालते दात आजही व्यवहार्य ठरतात.

प्रश्न : माझी खालची एक दाढ काढून दोन वर्षे झाली. ती कुणाला दिसत नाही आणि जेवण नीट होते. तरी बसवायलाच हवी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बसवायलाच हवी असे नाही, पण आरशात एकदा नीट पाहायला हवे. दाढ गेली की आजूबाजूचे दात मोकळ्या जागेकडे कलू लागतात. वरच्या जबड्यातली समोरची दाढ, तिला टेकायला काही न उरल्यामुळे, हळूहळू खाली उतरते. कललेल्या दातांच्या फटीत अन्न अडकते आणि चांगल्या दाताला कीड लागते. हे सगळ्यांना होत नाही आणि सारख्या वेगानेही होत नाही. दोन वर्षांत तुमचे दात जागेवर असतील, तर ते यापुढे फारसे हलणार नाहीत अशी आशा धरायला जागा आहे. दुसरी गोष्ट हाडाची. दात गेला की त्याला धरणारे हाड झिजते. पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने, पुढे सावकाश, पण थांबत नाही.

तरीही प्रत्येक गेलेला दात भरून काढलाच पाहिजे, हा जुना आग्रह आता उरलेला नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या आर्न्ट कायझर यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील तर मागच्या दाढा नसतानाही अनेकांचे खाणे-बोलणे समाधानकारक चालते. जपानमध्ये १९८९ पासून ‘८०२०’ नावाची मोहीम चालू आहे. वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात असावेत, हे तिचे उद्दिष्ट. पूर्ण बत्तिशीची अपेक्षा तिनेही धरलेली नाही. म्हणून दंतवैद्याला असे विचारा : ही दाढ न बसवल्याने माझ्या बाकीच्या दातांचे काही बिघडते आहे का? बिघडत नसेल, तर वर्षातून एकदा तपासून घेत थांबायला हरकत नाही. एका दाढेसाठी दुसऱ्या तीन दातांना तारा अडकवणे, हा दर वेळी शहाणपणाचा सौदा ठरत नाही.

प्रश्न : दातांचे माप द्यायला चार-पाच वेळा का बोलावतात? एकाच दिवशी दात देणारेही आहेत.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिल्या भेटीत तपासणी, एक्स-रे आणि उरलेल्या दातांची डागडुजी. कीड, दातांवरचे खडे, हिरड्यांची सूज यांचा निकाल लागल्याशिवाय माप घेणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग लावणे. दुसऱ्या भेटीत रेस्टचे खळगे कोरून माप. चमच्यासारख्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तोंडात धरतात, तो आल्जिनेट. समुद्री शैवालातून काढलेल्या पदार्थाची ही पूड पाण्यात कालवली की काही मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारा अगर मिळेनासा झाला, तेव्हा त्याला पर्याय म्हणून आल्जिनेट पुढे आले. या मापात प्लॅस्टरसारखा पदार्थ ओतून तुमच्या जबड्याची प्रतिकृती होते.

धातूचे दात असतील तर पुढच्या भेटीत नुसता सांगाडा बसवून पाहतात. मग मेणाच्या पट्टीवर दात मिटायला लावतात. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नेमके कुठे येतात, हे त्यावरून कळते. त्यानंतरची भेट ‘ट्रायल’ची. दात मेणावर उभे केलेले असतात, म्हणजे अजून बदलता येतात. ही भेट घाईत उरकू नका. घरातले कुणीतरी सोबत न्या, हसून दाखवा, बोलून पाहा. पसंती दिली की मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिकचा लगदा भरून ते साच्यात दाबतात आणि ७४ अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात कित्येक तास ठेवतात. एकदम उकळले तर आतल्या द्रवाची वाफ होऊन प्लॅस्टिकमध्ये बुडबुडे राहतात. अशा छिद्रांत वास आणि बुरशी घर करते.

रंगाबद्दल एक गोष्ट. दातांच्या छटा ठरवायला जी पट्टी वापरतात, तिचे सर्वांत परिचित रूप ‘व्हिटा क्लासिकल’, १९५६ पासूनचे. तीत १६ छटा आहेत. बहुतेकांचा कल सर्वांत पांढऱ्या छटेकडे असतो. पण साठीतल्या दातांचा रंग पिवळसर आणि किंचित राखाडी झालेला असतो. त्यांच्यामध्ये दोन शुभ्र दात बसवले की लोकांची नजर पहिली तिथेच जाते. छटा दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ निवडा आणि ओठांना लिपस्टिक लावून जाऊ नका.

एका दिवसात मिळणाऱ्या दातांपैकी एक प्रकार फार घातक आहे. तोंडात घट्ट होणारे प्लॅस्टिक शेजारच्या दातांवर थापून, कधी वर तार गुंडाळून, ‘फिक्स दात’ म्हणून देतात. ते काढता येत नाहीत, म्हणून खालची जागा घासता येत नाही. अन्न कुजते, हिरडी सुजते आणि ज्या चांगल्या दातांना ते चिकटवले तेच पुढे हलू लागतात. नोंदणी नसलेल्याने असा व्यवसाय करायला कायद्याने बंदी आहे. परवडत नाही हे कारण असेल, तर शासकीय किंवा पालिकेच्या दंत महाविद्यालयांची वाट धरा. मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय आणि मुंबई सेंट्रलचे नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय. तिथे फेऱ्या जास्त होतात, खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी, आणि विद्यार्थ्याच्या कामावर शिक्षकांची नजर असते.

प्रश्न : आठवडा झाला, नवे दात घातले की तोंडाला पाणी सुटते, ‘स’ नीट येत नाही आणि भाकरी चावता येत नाही. काही चुकले का?
— एक वाचक, बीड

उत्तर : बहुधा काही चुकलेले नाही. तोंडात नवी वस्तू आली की मेंदू तिला अन्न समजतो आणि लाळ सोडतो. काही दिवसांत हे आपोआप थांबते. बोलण्याचे कारण जागेत आहे. ‘त’, ‘थ’, ‘द’, ‘ध’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते. ‘स’साठी आणि ‘चमचा’, ‘जग’ यांतल्या ‘च’, ‘ज’साठी ती दातांमागे बारीक फट ठेवून हवा सोडते. त्याच ठिकाणी आता प्लेटची जाडी आली आहे. जिभेला नवी फट शोधावी लागते. रोज दहा-पंधरा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, अडणारे शब्द पुन्हा म्हणा. दोन-तीन आठवड्यांनंतरही शिट्टी वाजत असेल, तर प्लेट त्या जागी पातळ करून घेता येते.

खाण्याची सुरुवात मऊ भात, वरण, उकडलेली भाजी, दुधात कुस्करलेली पोळी अशी करा. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. एकाच बाजूने चावले की दुसरी बाजू उचलली जाते. मग भाकरी, आधी आमटीत भिजवलेली आणि नंतर कोरडी. पुढचे दात बसवलेले असतील तर पेरू, मक्याचे कणीस, आंब्याची कोय यांना थेट चावे घेणे सोडा आणि फोडी करून मागच्या दातांनी खा. ऊस, सुपारी, चिक्की आणि कडक लाडू यांना रामराम केलेला बरा. स्वतःच्या दातांइतका जोर या दातांना कधीच येणार नाही. ती अपेक्षा धरूनच निराशा येते.

मात्र एका ठिकाणी सतत टोचत असेल, फोड आला असेल, तर सवयीची वाट पाहू नका. दाखवायला जाण्याच्या आदल्या दिवशी दात घालून ठेवा, म्हणजे नेमका व्रण दिसतो. घरी कानस किंवा पॉलिश पेपरने घासू नका, आणि मोडले तर फेविक्विकने चिकटवू नका. तुकडे किंचित जरी वाकडे जुळले, तरी प्लेट पुन्हा नीट बसत नाही आणि दुरुस्तीही अवघड होते.

प्रश्न : आई रात्री दात काढायला तयार नसते. ‘दात नसलेले तोंड कुणाला दाखवू?’ म्हणते. काढलेच पाहिजेत का? आणि हळदीचे डाग कसे घालवावेत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काढलेच पाहिजेत. दिवसभर झाकलेल्या हिरडीला मोकळे राहायला रात्रीचे काही तास मिळाले पाहिजेत. प्लेटखालचा ओला, बंद कोपरा कॅन्डिडा या बुरशीला फार मानवतो. टाळू लालभडक होते, आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही. मधुमेह असेल तर हा त्रास अधिक. दुसरा धोका दात घशात जाण्याचा. एक-दोन दातांची लहान प्लेट झोपेत सुटून घशात गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, आणि अ‍ॅक्रिलिक एक्स-रेमध्ये सहजी दिसत नाही. आईंचा संकोच खरा आहे, त्यावर हसू नका. त्यांची खोली वेगळी असेल तर झोपताना काढून सकाळी उठल्याबरोबर घालणे जमते. नसेल, तर संध्याकाळी आंघोळीच्या किंवा देवपूजेच्या आधी तास-दोन तास काढायची सवय लावून सुरुवात करा.

काढलेले दात साध्या पाण्यात ठेवा. कोरडे ठेवले तर प्लॅस्टिक आकार बदलते, उकळत्या पाण्यात वाकडे होते. मऊ ब्रश आणि भांड्यांचा सौम्य साबण यांनी घासा. नेहमीची टूथपेस्ट खरखरीत असते, तिच्यामुळे प्लॅस्टिकवर ओरखडे येतात आणि त्यांत डाग बसतात. हळदीचा डाग ताजा असतानाच धुतला तर बराच निघतो. जुन्या डागासाठी दुकानात मिळणारी दात भिजवायची गोळी कोमट पाण्यात टाकून वापरा. ब्लीचमध्ये धातू काळवंडतो, ते टाळा. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटले तरी फुटत नाहीत.

एक सूचना घरातल्या सगळ्यांसाठी. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल, तर काढत्या दातांबद्दल भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा. इंग्लंडमधल्या ७२ वर्षांच्या एका गृहस्थांची हकिगत २०१९ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्‌स’मध्ये आली. पोटावरची साधी गाठ काढल्यावर सहा दिवसांनी घशात दुखते आणि रक्त येते म्हणून ते परत आले. औषधे देऊन त्यांना घरी पाठवले. दोन दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा त्यांची धातूची प्लेट आणि तीन दात घशात स्वरयंत्रावर आडवे अडकलेले सापडले. दात रुग्णालयात हरवले, अशी त्यांची समजूत होती.

प्रश्न : हे प्लॅस्टिक येण्याआधी लोक काय लावत?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्ट्यांनी दात शेजारच्या दातांना बांधले होते. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात होता. जॉन ग्रीनवूड या दंतवैद्याने त्यांच्यासाठी पाणघोड्याच्या सुळ्याची कवळी कोरली आणि त्या एकुलत्या दातासाठी तीत भोक ठेवले. त्यांचे दात लाकडी होते, ही दंतकथा आहे.

एकोणिसाव्या शतकात कडक केलेले रबर आले, व्हल्कनाइट. स्वस्त आणि हिरडीला घट्ट बसणारे. त्याचे पेटंट हाती असलेली कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे वसूल करी आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेची. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चॅल्फंट या दंतवैद्याने गोळी घालून मारले. दोन वर्षांनी पेटंटची मुदत संपली. रबराचा रंग गडद असे, हिरडीशी जुळत नसे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरडीच्या रंगाचे अ‍ॅक्रिलिक आले आणि रबर मागे पडले.

प्रश्न : एकदा केलेले दात किती वर्षे चालतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : साधारणपणे पाच ते आठ वर्षे, नीट सांभाळलेले धातूचे त्याहून जास्त. पण मुदत संपण्याची वाट पाहू नका. प्लेट तीच राहते आणि तिच्याखालचे हाड झिजत जाते. जेवताना दात हलू लागले, खाली अन्न जाऊ लागले, एका बाजूला दाबल्यावर दुसरी बाजू उचलली जाऊ लागली, की आतून नवा थर भरून घ्यायची वेळ झाली. ढिले दात तसेच वापरले तर प्रत्येक घासाला तार अडकवलेला दात हलत राहतो. कुरकुर न करता तो एक दिवस पडतो आणि मग सगळे नव्याने करावे लागते.

म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला जाल, तेव्हा बसवलेले दात काढून बाजूला ठेवा आणि आधी तार बसते ते खरे दात तपासून घ्या. तारेखाली अन्नाचा थर साचतो आणि कीड मुळाजवळ, हिरडीच्या कडेला सुरू होते. फ्लोराइडची पेस्ट वापरून ते दात सकाळ-रात्र घासायचे, हे बसवलेले दात धुण्याइतकेच महत्त्वाचे. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, तर ती सोडण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. हिरड्या सुटू लागल्या की सर्वांत महाग सांगाड्यालाही धरायला काही उरत नाही.